बेस्ट ड्रायव्हरचा ठराव

आमच्या घरी मोटार रेसिंगमधला सीझनचा बेस्ट ड्रायव्हर पॉइंट्सवर ठरत नसे, ठरावाने ठरत असे. चॅम्पियन कोण हे टीव्हीवर दिसतं आणि ते सगळ्या जगाला एकच असतं. पण चॅम्पियन वेगळा आणि बेस्ट वेगळा, असं बाबांचं म्हणणं. चॅम्पियन गाडी ठरवते, टीमचा पैसा ठरवतो, पाऊस ठरवतो. बेस्ट कोण ते माणसांनी एकत्र बसून, भांडून ठरवायचं. म्हणून सीझनची शेवटची शर्यत अबू धाबीला आटोपली की पुढच्या शनिवारी दुपारी इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये सभा भरायची. सोफा भिंतीला लागायचा, शेजाऱ्यांच्या खुर्च्या यायच्या, इस्त्रीच्या टेबलामागे बाबा अध्यक्ष म्हणून बसायचे. सूचक हवा, अनुमोदक हवा, हरकतीचा मुद्दा असेल तर उभं राहून मांडायचा, मतदान हात वर करून. मधे बोललं तर बाबा लाटण्याने टेबल वाजवायचे.

बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात होते आणि तिथल्या युनियनची पत्रकं लिहायचे. कारखाना बंद पडला, युनियन पांगली, बाबा दुबईला आले आणि जबल अलीच्या एका मोठ्या गोदामात डिस्पॅचला लागले. येताना त्यांनी कपड्यांखाली ती जुनी पत्रकं आणली होती. माझ्या शाळेत मराठी नव्हतं, त्यामुळे मी मराठी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. इतर मुलांना सशाच्या आणि कासवाच्या गोष्टी मिळाल्या असतील, मला ‘कामगार बंधूंनो आणि भगिनींनो’ मिळालं. सात वर्षांची असताना मी आईला ‘दडपशाही’चा अर्थ विचारला होता आणि आईने दुधाचा पेला पुढे करून ‘ही’ असं सांगितलं होतं. आजही माझ्या लिहिण्यात उद्गारचिन्हं जास्त येतात असं लोक म्हणतात. येतात. मला ती भाषा तशीच मिळाली.

पण पत्रकं लिहिणारा माणूस इथे येऊन गप्प झाला होता. इथे कंपनीच्या दारावर सभा होत नाही. व्हिसा कंपनीचा, व्हिसावर बायको, बायकोच्या पुढे दोन मुलं. बाबांच्या अंगात सभा भरलेली होती आणि सभेला विषय नव्हता. तो रेसिंगने दिला. मोटारीच्या शर्यतीवर कोणीही काहीही बोलावं, कोणाचं काही जात नाही. वर्षातून एकदा माझा बाप ताठ उभा राहायचा, ‘सभागृहाला’ उद्देशून बोलायचा आणि त्याचा आवाज बदलायचा. मी त्या एका दुपारसाठी वर्षभर थांबायची.

ड्रायव्हरांची खरी नावं मी मुद्दाम घालत नाही, कारण नाव आलं की वाचणारा लगेच बाजू घेतो. आम्हीही ती नावं घेत नसू. आमच्याकडे एक ‘मास्तर’ होता, चुका न करणारा आणि मुलाखतीत सगळ्यांना शिकवणारा. एक ‘म्हातारा’ होता, दर वर्षी निवृत्त होणार म्हणून सांगायचा आणि व्हायचा नाही. एक ‘जावई’ होता, टीमने त्याच्या सगळ्या हौशी पुरवल्या तरी रुसलेला. आणि मास्तरच्याच टीममधला दुसरा ड्रायव्हर, त्याला सगळे ‘दोन नंबर’ म्हणायचे.

सभेला येणाऱ्यांत बाबांच्या कंपनीतले तिघे कायमचे. सावंतकाका पॅकिंगला, मास्तरचे भक्त, घसा मोठा. नीलेश आमच्याच बिल्डिंगमध्ये सहा जणांच्या खोलीत बेड घेऊन राहायचा, हरणाऱ्याची बाजू घेणं हा त्याचा छंद. आणि डॉमनिक अंकल, वसईचे, स्टोअर सुपरवायझर, माझ्या जन्माच्या आधीपासून त्या कंपनीत. त्यांची बायको आणि मुलगा वसईला, ते इथे एकटे. इंटरनॅशनल सिटीत इमारतींच्या गटांना देशांची नावं आहेत; आमचा क्लस्टर पर्शिया, त्यांचा फ्रान्स. आई फोनवर आजीला सांगायची, “डॉमनिकभाऊ फ्रान्सहून चालत आले जेवायला,” आणि आजी बराच वेळ गप्प व्हायची. ते येताना स्वतः तळलेले मैद्याचे फुगे आणायचे, गोल, गरम, आतून पोकळ, डबा उघडला की ताडीची नव्हे, यीस्टची आंबूस गोड वाफ. आई मिसळ करायची. पाव संपलेला असला की खुबूस, म्हणजे इथली अरबी रोटी, आणि पाव नेहमीच संपलेला असायचा. खुबूस मिसळीत बुडवून खाताना फाटतो, रस्सा मनगटावर येतो. माझा धाकटा भाऊ ओम म्हणायचा, “धिस इज नॉट ऑथेंटिक,” आणि सगळ्यात जास्त तोच खायचा.

एकदा बाबांनी आम्हाला शर्यत ‘ऐकायला’ नेलं होतं. तिकिटांचे दिऱ्हाम ऐकून आईने मोठ्याने रुपये केले आणि विषय तिथे संपला, पण बाबांनी गाडी काढली आणि सर्किटपासून लांब एका पार्किंगमध्ये लावली. काचा खाली. गाड्या दिसत नव्हत्या. आवाज मात्र यायचा, आधी दूर कापड फाटल्यासारखा, मग जवळ, मग गिअर उतरताना तुटत तुटत खाली येणारा. डॉमनिक अंकल पुढच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. “हा म्हातारा,” ते म्हणाले. बाबा म्हणाले, “डोळे उघड, समोर तर कचऱ्याचा ट्रक आहे.” आम्ही सगळे हसलो. त्या दोघांची ती मैत्री मला जगातली सगळ्यात पक्की गोष्ट वाटायची. रोज पहाटे बाबांच्या गाडीतून ते चौघे जबल अलीला जायचे, पुढची सीट डॉमनिक अंकलची.

मी बारावीत होते त्या सीझनबद्दल मला सांगायचं आहे. त्या सीझनमध्ये एका पावसाळी शर्यतीत मास्तर पुढे होता, दोन नंबर त्याच्या मागे. दोन नंबरचे टायर संपले होते. त्याने रेडिओवर सांगितलं की टायर गेलेत, बदलायला मी आत येतो. गॅरेजमधून उत्तर आलं, बाहेरच राहा. तो बाहेर राहिला तर मागच्या सगळ्या गाड्या त्याच्यामागे अडकणार आणि मास्तर निसटणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. पुढच्या वळणावर त्याची गाडी घसरली आणि भिंतीवर गेली. संध्याकाळी टीमच्या साहेबाने माइकसमोर सांगितलं की बाहेर राहायचा निर्णय ड्रायव्हरचा होता. तो रेडिओ टीव्हीवर आम्ही सगळ्यांनी ऐकला होता. तरी साहेब शांतपणे तसं म्हणाला, आणि दोन नंबर त्याच्या शेजारी टोपी खाली ओढून उभा राहिला.

त्यानंतर काही आठवड्यांनी जबल अलीला चॉकलेट वितळलं. गोदामात चॉकलेटचा मोठा माल आला होता आणि थंड खोल्या भरलेल्या. ऑक्टोबर असला तरी बाहेरच्या धक्क्यावर उष्णता होती. डॉमनिक अंकल मॅनेजरला म्हणाले, हा माल बाहेर टिकणार नाही. मॅनेजर म्हणाला, “डॉमनिक, मैं बोल रहा हूँ ना, रख दो बाहर, सुबह देखेंगे.” बाबा, सावंतकाका आणि नीलेश तिथेच उभे होते. सकाळी खोकी कोपऱ्यांतून गळत होती. मग चौकशी सुरू झाली आणि मॅनेजरने लिहून दिलं की माल बाहेर ठेवायचा निर्णय स्टोअर सुपरवायझरचा.

हे आमच्या घरात रोज बोललं जात होतं, भांडी घासताना, गाडी पुसताना. एचआर सगळ्यांना एकेकटं बोलावून विचारणार होतं. तिघांनी खरं सांगितलं तर डॉमनिक अंकल वाचणार होते. नाही सांगितलं तर त्यांना काढणार, आणि त्या वयात दुसरीकडे कोण घेतो? आणि खरं सांगितलं तर तो मॅनेजर तिघांना सोडणार नव्हता, हेही उघड होतं. बाबा म्हणायचे, “बघू, इन्शाल्ला.” इथे इन्शाल्ला म्हणजे बहुधा नाही; बाबांच्या तोंडी ते आलं की आईचा हात थांबायचा.

चौकशीतली ती विचारणा सभेनंतर लगेच होती, सुटी संपली की पहिल्या सकाळी. त्या शनिवारी खोली नेहमीपेक्षा भरली होती. मी सचिव होते. मला बोलता यायचं, पण अठरा पूर्ण नसल्यामुळे मत नव्हतं. बाबांचा नियम, त्यात मुलगी वगैरे काही नाही.

सावंतकाका उठले. “अध्यक्षमहाराज, मास्तर चॅम्पियन आहे. विषय खलास. मिसळ वाढा.”

“सूचना फेटाळली. बसा,” बाबा म्हणाले.

“अहो, पॉइंट्स बघा ना!”

“सावंतसाहेब,” नीलेश म्हणाला, “पॉइंट्सवरच जायचं तर तुम्ही ऑफिसात बेस्ट एम्प्लॉयी. रोज पहिले पंच करता आणि पहिले झोपता.”

हशा पिकला. लाटणं वाजलं. नीलेशने ठराव मांडला, या सीझनचा बेस्ट ड्रायव्हर दोन नंबर. अनुमोदन म्हणून मी उभी राहिले, सावंतकाकांनी हरकत घेतली की सचिव अल्पवयीन आहे, हरकत मंजूर झाली. मग बराच वेळ कोणीच अनुमोदन देईना. मास्तर की दोन नंबर, हा प्रश्न त्या खोलीत राहिलाच नव्हता. सगळे इस्त्रीच्या टेबलाकडे बघत होते आणि डॉमनिक अंकल खिडकीबाहेर.

बाबा अध्यक्षाच्या खुर्चीवरून उठले. असं कधी झालं नव्हतं. “अध्यक्षाची जागा तात्पुरती सोडतो,” ते म्हणाले आणि आमच्यात येऊन उभे राहिले.

“सभागृहाला मी एकच विचारतो. त्या पोराने दोनदा विचारलं की नाही? टायर गेलेत, आत येऊ? दोनदा. हुकूम देणारा कोरड्या गॅरेजमध्ये बसला होता आणि भिंतीवर गेला तो दुसरा. संध्याकाळी हुकूम देणारा म्हणतो, मी काही बोललोच नाही. ठीक आहे, तो म्हणेल. त्याचं पोट आहे. पण आपण? आपण ऐकलंय. ऐकलेलं सांगायला काही शौर्य लागत नाही. कान लागतात. ते देवाने सावंतलासुद्धा दिलेत.” कोणी हसलं नाही. “ज्याने ऐकलं त्याने सांगायचं. मी ऐकलंय. मी या ठरावाला अनुमोदन देतो.”

तो आवाज. पत्रकांमधून मी जो आवाज कल्पनेने ऐकत आले होते तो माझ्या बापाच्या तोंडून, आमच्या खोलीत, मिसळीच्या वासात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्याची लाज वाटली नाही. हात वर झाले, एकेक करून सगळे. सगळ्यात शेवटी सावंतकाकांचा, आणि तो वर जाताना ते म्हणाले, “मास्तर गेला खड्ड्यात.”

फक्त डॉमनिक अंकलचा हात खाली होता. “मी तटस्थ,” ते म्हणाले.

“तटस्थ कसा रे?” बाबा म्हणाले.

“तुमचा ठराव ड्रायव्हरचा आहे ना? मग राहू दे मला तटस्थ.” मग त्यांनी फुग्यांचा डबा उघडला. “खा रे, गार होतायत.”

सुटीनंतरच्या पहिल्या सकाळी डॉमनिक अंकलचा फोन आला, आज मी लवकर कंपनीच्या बसने जातो, तुम्ही या मागून. बाबा मोकळी पुढची सीट घेऊन गेले.

संध्याकाळी ते घरी आले, पाय धुतले आणि पंख्याखाली बसले. आईने चहा दिला. मी अभ्यासाचं पुस्तक उलटं धरून बसले होते.

“झालं विचारून?” आई म्हणाली.

“हं.”

“काय सांगितलंत?”

बाबांनी चहा संपवला. “म्हणालो, फोर्कलिफ्टचा आवाज होता. नीट ऐकू आलं नाही.”

“आणि सावंत? नीलेश?”

“सावंत म्हणाला, तो तेव्हा टॉयलेटला गेला होता. नीलेशला काही आठवत नाही.”

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. कान देवाने दिलेत हे मी त्यांना ऐकवलं, भित्रा म्हटलं, आणखीही काही म्हटलं. त्यातला एकही शब्द मी आज मागे घेत नाही. बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, “तुझी बारावी आहे. ओमची शाळा आहे. मला काढलं तर महिन्याभरात आपण चौघं विमानात.”

“माझ्या बारावीचं नाव घेऊ नका!”

“मग कोणाचं घेऊ?”

ओम दारात उभा होता. “डिड वी लूज?” त्याने विचारलं. त्याला वाटलं आम्ही रेसिंगबद्दल बोलतोय. आईने त्याला आत नेलं.

मी गप्प बसणारी नव्हते. मी पत्रक लिहिलं. एक पान, दोन्ही बाजू, चॉकलेटची सगळी हकिकत, कोण कुठे उभं होतं, कोण काय म्हणालं. इतकं चांगलं मी नंतर लिहिलेलं नाही. कंपनीचे कामगार राहतात त्या कॅम्पमध्ये ते कसं पोचवायचं हेही ठरवलं होतं. पण ज्याच्यावर लिहिलं त्याला आधी दाखवायचं, ही बाबांचीच जुनी शिकवण. कंपनीने काढल्यावर वसईला परत जाण्याआधी डॉमनिक अंकल निरोप घ्यायला आले. त्यांनी आईला वसईच्या बाटलीमसाल्याची भरलेली बाटली आणि आपला प्रेशर कुकर दिला. बाबा बाथरूममध्ये होते आणि बाहेर यायला त्यांना खूप वेळ लागला. आल्यावर दोघं भेटले, पाठीवर थापा मारल्या, “पोचलास की फोन कर,” “करतो रे,” आणि झालं. मी त्यांना बस स्टॉपपर्यंत सोडायला खाली उतरले.

स्टॉपवर ऊन होतं. त्यांनी पत्रक वाचलं, चष्मा वर करून, सावकाश, दोन्ही बाजू. “मराठी चांगलं लिहितेस गो पोरी,” ते म्हणाले. “पण इथे एक चूक आहे.”

“काय?”

“‘साक्षीदारांनी पाठ फिरवली म्हणून डॉमनिक यांना काढण्यात आलं.’ तसं नाही. मी त्या दिवशी लवकर गेलो ना बसने, तेव्हाच सही केली. चूक माझी, असं लिहून दिलं. तुझ्या बाबाला बोलवायच्या आधी.”

मला कळेना. “का?”

“शनिवारी तो बोलला ना. मी त्याला ओळखतो. तो पेटला तर आतही तसाच बोलला असता. तुम्ही चौघं रस्त्यावर आला असतात. मी तर जाणारच होतो. म्हटलं, विषयच संपवू. मग कोणाला काही विचारायची गरजच नाही.” ते थोडे हसले. “तरी विचारलं त्यांनी. मला ते माहीत नव्हतं.”

“मग बाबा...”

“त्याला नको सांगू.” त्यांनी पत्रकाचे चार तुकडे केले, नीट, घडीवर घडी घालून, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. “खाली टाकलं तर दंड आहे इथे,” ते म्हणाले. बस आली. ते चढले आणि कार्ड टेकवताना मागच्या माणसाला वाट देत बाजूला झाले. मला हात करायचा राहिला.

त्यांचं ऐकायला हवं होतं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी वर गेले आणि बाबांना सांगितलं. लपवणं मला शिकवलेलंच नव्हतं, आणि ज्याने शिकवलं तोच समोर बसला होता. बाबा कुकरची शिट्टी हातात घेऊन बसले होते, तिचं भोक बघत.

“सकाळीच सही केली होती?” ते म्हणाले.

“हो. तुम्हाला बोलवायच्या आधी.”

“म्हणजे निकाल लागलेला होता.”

“हो.”

“मग मला कशाला विचारलं?” हे त्यांनी मला विचारलं नव्हतं. बराच वेळ त्यांनी ती शिट्टी फिरवली, आणि मग त्यांच्यातल्या त्या जुन्या माणसाला ते समजलं. मी ते समजताना पाहिलं. “कोण बोलतं ते बघायला,” ते म्हणाले. “यापुढे कंपनीने कोणाची भीती बाळगायची, ते बघायला.”

“आणि?”

“कोणाचीच नाही.”

लोक मला सांगतात की माणसं वाईट नसतात, परिस्थिती वाईट असते. मी ही परिस्थिती वरपासून खालपर्यंत पाहिली आहे, आणि तिच्यात एकही वाईट माणूस मला सापडला नाही, त्या मॅनेजरलासुद्धा वरून कोणी तरी धरलं असेल. त्याने माझा राग कमी होत नाही. वाढतो. हे लिहिताना मी स्वतः इथल्याच एका कंपनीच्या व्हिसावर आहे. कंपनीचं नाव मी लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

पुढच्या वर्षी अबू धाबीची शर्यत झाली आणि शनिवारी सवयीने सगळे आले. खुर्च्या आल्या. आईने मिसळ केली. मी आता अठराची होते, मला मत होतं. इस्त्रीचं टेबल बाहेर काढायचं का, असं नीलेशने विचारलं. बाबा म्हणाले, राहू दे, जागा होत नाही. थोडा वेळ टायरच्या, इंजिनच्या गप्पा झाल्या. मग सावंतकाका खालच्या आवाजात म्हणाले, “यंदा जो पॉइंट्समध्ये पहिला, तोच बेस्ट धरू या ना.” त्यांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी खुबूसचा तुकडा मोडला आणि ताटात ठेवला. कोणी हरकत घेतली नाही. मीही उठले नाही, कारण ज्याच्याकडे बघून उठायचं तो माझ्याकडे बघत नव्हता. आई वाढत होती, सगळे जेवत होते.